डब्यासाठी वेगळा स्वयंपाक नको

‘ताई, शहरात नोकरीला लागून वर्ष होत आलं. भाडं, जाण्यायेण्याचा खर्च आणि घरी पाठवायचे पैसे गेले की हातात फार थोडं उरतं. त्यातलाही मोठा वाटा दुपारच्या विकतच्या जेवणात जातो. डबा सुरू केला होता. दोनदा केला आणि दोनदा बंद पडला. रविवारी बसून आठवडाभराचं करून ठेवलं, तर गुरुवारी निम्मं फेकावं लागलं. रोज सकाळी करायचं तर साडेसातला घर सोडावं लागतं. आम्ही तिघी एकत्र राहतो, फ्रीजमधला एकच कप्पा माझ्या वाट्याला आहे. ऑफिसात मायक्रोवेव्ह आहे, फ्रीज नाही. बाकी सगळे बाहेरून मागवतात, त्यांच्यासमोर रोज तोच डबा उघडायचा संकोच वाटतो. महिन्याचे शेवटचे चार-पाच दिवस तर मी दुपारी जेवतच नाही, चहा पिऊन काढते. स्वस्तात होतील असे काही पदार्थ सुचवाल का?’

तू ताई म्हणालीस, म्हणून मीही एकेरीतच लिहिते. पदार्थांचं नंतर बघू. पत्रातली शेवटून दुसरी ओळ आधी घेते, कारण तिने मला फार अस्वस्थ केलं. महिनाअखेरीस दुपारचं जेवण सोडणं आजपासून बंद कर. तब्येतीला ते वाईट आहेच, पण त्यात पैसेही वाचत नाहीत. दुपारी उपाशी राहिलं की पाचच्या सुमाराला समोर दिसेल ते विकत घेतलं जातं. घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही, मग रात्रीचंही बाहेरून येतं. स्वयंपाकच झाला नाही, तर दुसऱ्या दिवशी डब्यात घालायला घरात काही नसतं. एक जेवण वाचवायला जावं आणि त्यापायी पुढची दोन विकत घ्यावी लागावीत, असं ते चक्र आहे.

म्हणून पगार झाला की भाडं दिल्यावर पहिली खरेदी ही कर: महिनाभर पुरेल एवढा तांदूळ किंवा जे धान्य तू रोज खातेस ते, एक डाळ, एक-दोन कडधान्यं, तेल, मीठ. महिना संपताना भाजीला पैसे नसले तरी डाळ-भात घरात असलाच पाहिजे. भाजी नाही म्हणून ते अगदीच कमअस्सल जेवण ठरत नाही. धान्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असतं, ते डाळींत भरपूर असतं. डाळींत मेथिओनिन नावाचं दुसरं अमिनो आम्ल कमी पडतं, ते धान्यातून मिळतं. दोन्ही पोटात गेली की प्रथिनांची ही उणीव भरून निघते. हाताने कष्ट करणाऱ्या माणसांनी जगात जागोजागी धान्य आणि कडधान्याची जोडी धरून ठेवली आहे. ती स्वस्त आहे म्हणून तर खरंच, पण तिच्यावर अंग चालतं म्हणूनही.

आता डबा बंद का पडला ते बघू. यात तुझा आळस मला कुठेच दिसत नाही. बेतच तुझ्या घराला आणि तुझ्या वेळेला न जुळणारा होता. शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये तीन, फार तर चार दिवस चांगलं राहतं. रविवारी शिजवलेलं गुरुवारी पाचव्या दिवसात जातं, तेव्हा ते फेकलंस ते योग्यच केलंस. त्यात तुझा कप्पा एकच. ठासून भरलेल्या कप्प्यात थंड हवा फिरत नाही, मागचे डबे गार आणि पुढचे कोमट राहतात. आणि रविवारी सकाळी उत्साहात आणलेल्या पाच भाज्यांपैकी दोन पिशवीतच पिवळ्या पडल्या असतील, हे तू लिहिलेलं नाहीस तरी मी धरून चालते.

माझं सांगणं एकच आहे. डब्यासाठी वेगळा स्वयंपाक करायचाच नाही. रात्री तू स्वतःसाठी जे करतेस तेच दोन माणसांचं कर, आणि दुसऱ्या माणसाचा वाटा जेवायला बसण्याआधी डब्यात काढून ठेव. ‘आधी’वर माझा भर आहे. जेवून झाल्यावर पातेल्यात उरेल ते डब्यात घालू म्हटलं, तर कधी दोन घास उरतात, कधी मैत्रीण येऊन जेवते, कधी उठून भांडी आवरायचाच कंटाळा येतो. आधी काढलेला वाटा मात्र ठरलेला असतो. तुझ्यापेक्षा भुकेलं कुणी आलं तर तिला तुझ्या ताटातलं दे, डब्यातलं नको.

यात गॅस एकदाच लागतो, भांडी एकदाच घासावी लागतात आणि कांदा एकदाच चिरावा लागतो. एका माणसाच्या भाजीला आणि दोन माणसांच्या भाजीला लागणाऱ्या वेळात पाच-सात मिनिटांचा फरक असेल. सकाळी फक्त डबा उचलायचा.

पण काढलेला वाटा रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे. विशेषतः भाताबद्दल. कच्च्या तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, बॅसिलस सिरियस त्याचं नाव. शिजवताना ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष नंतर कितीही गरम केलं तरी नष्ट होत नाही. त्यामुळे ‘उद्या मायक्रोवेव्हमध्ये चांगला गरम करीन’ हा उपाय इथे लागू पडत नाही. उपाय एकच, तो पटकन गार करणे. अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जितका वेळ रेंगाळेल तितकं ते बिघडत जातं. दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, खूप उकाडा असेल तर तासाभरात.

हे करायचं कसं? भात खोल डब्यात दाबून भरू नकोस. मधला गोळा तासभर गरम राहतो. डब्याचा वाटा एका पसरट ताटलीत काढ, चमच्याने बोटभर जाडीचा थर होईल असा पसर आणि वर जाळी टाक. तू जेवायला बस. जेवून हात धुवून येईपर्यंत वाफ गेलेली असते, ताटलीच्या बुडाला हात लावलास तर ती कोमटही लागत नाही. आता डब्यात भर, झाकण लाव आणि फ्रीजमध्ये ठेव. वाफ असतानाच झाकण लावलं तर आत पाणी सुटतं, ते पदार्थावर पडून सगळं गिचगिचीत होतं. डब्यातल्या जेवणाला जो एक कोंदट वास येतो, तो बऱ्याचदा यातूनच येतो. भात दुसऱ्या दुपारी संपवायचाच, तिसऱ्या दिवसासाठी ठेवायचा नाही.

फ्रीजमधला भात कडक होतो, तो बिघडल्यामुळे नव्हे. गार झाल्यावर त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो. गरम करताना वरून चमचाभर पाणी शिंपड, झाकण सैल ठेव, मधे एकदा ढवळ आणि पूर्ण वाफाळेपर्यंत गरम कर. मायक्रोवेव्ह कडेने तापवतो आणि मधे गार ठेवतो, म्हणून ढवळणं चुकवू नकोस. स्टीलचा डबा मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही, आणि प्लास्टिकचा असेल तर त्यावर तशी खूण आहे का ते बघ. झाकणाचा एक काचेचा डबा घेता आला तर घे. डब्याच्या सगळ्या सरंजामात पैसे घालावेत अशी मला तरी ही एकच वस्तू वाटते. रंगीत कप्प्यांचे संच, छोट्या बाटल्या, खास पिशव्या, यातलं काही लागत नाही.

आता तुझ्या ऑफिसात फ्रीज नाही, ही खरी अडचण. साडेसातला निघालेला डबा एकला उघडतो म्हणजे साडेपाच तास. डबा फ्रीजमधून शेवटच्या क्षणी काढ. पाण्याची एक छोटी बाटली, पाऊण भरून, रात्री बर्फाच्या खणात ठेव. सकाळी ती डब्याला चिकटवून दोन्ही जाड टॉवेलमध्ये किंवा थर्मल पिशवीत गुंडाळ. दुपारपर्यंत डबाही गार राहतो आणि प्यायला गार पाणीही मिळतं. बर्फाचा खण मैत्रिणींच्या सामानाने भरलेला असेल आणि बाटलीला जागाच नसेल, तर तोंड रुंद असलेला थर्मास बघ. त्यात आधी उकळतं पाणी ओतून पाच-दहा मिनिटं ठेवायचं, ते फेकायचं आणि सकाळी उकळी फुटलेली डाळ किंवा सूप काठोकाठ भरायचं. अर्धवट भरलेला थर्मास लवकर निवतो. यातलं काहीच जमण्यासारखं नसेल त्या दिवशी भात, दही, मांस, मासे, उकडलेली अंडी डब्यात नेऊ नकोस. कोरडं न्यावं: पोळी किंवा ब्रेड, शेंगदाण्याचा कूट किंवा शेंगदाण्याचं लोणी, अख्खी फळं, भाजलेले हरभरे.

ब्रेडवरून आठवलं. तो फ्रीजमध्ये ठेवू नये. तिथे तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा लागतो, कारण भातातल्या स्टार्चसारखंच त्याचंही होतं. दोन दिवसांचा बाहेर, बाकीचा बर्फाच्या खणात, लागेल तसे तुकडे काढावेत.

तू पदार्थ विचारलेस. मी कडधान्य सांगेन, आणि आठवड्यातून एकदाच शिजवायचं असं सांगेन. हरभरे घे. एक वाटी कोरडे हरभरे शिजून अडीच-तीन वाट्या होतात, म्हणजे पिशवीवरची किंमत बघून जेवढे महाग वाटतात त्याच्या निम्म्याहूनही कमी दरात ते ताटात पडतात. झोपताना भरपूर पाण्यात भिजव, पाणी दाण्यांच्या किमान तीन बोटं वर हवं, नाहीतर सकाळी वरचे दाणे उघडे पडलेले दिसतात. संध्याकाळपर्यंत भिजत राहणार असतील तर भांडं फ्रीजमध्ये ठेव, नाहीतर उन्हाळ्यात पाणी आंबतं. पाणी टाकून नव्या पाण्यात शिजव. दाणा अंगठा आणि बोटाच्या मधे धरून दाबला की साल न सरकता आतपर्यंत लोण्यासारखा चेपला गेला पाहिजे. मधे कणी लागली तर अजून शिजव. टोमॅटो, चिंच, लिंबू असं आंबट शिजल्यावरच घाल, आधी घातलं तर दाणे मऊ व्हायला फार वेळ घेतात. यातले दोन वाटे फ्रीजमध्ये, बाकीचे एकेक वाटी करून बर्फाच्या खणात. तिथे ते महिनाभर सहज टिकतात.

राजमा करणार असशील तर एक पथ्य सांगायलाच हवं. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, त्याने जबर उलट्या होतात. किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकून द्यायचं, नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खदखदून उकळायचा आणि मग पूर्ण मऊ शिजवायचा. अगदी मंद आचेवर सुरुवातीपासून शिजवत ठेवू नये.

हे शिजलेले हरभरे एके दिवशी भाताबरोबर, रस्सा करून. दुसऱ्या दिवशी कांदा, गाजर, लिंबू, तेल, मीठ घालून गार खायचे. हे कालवून ठेवलेलं दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, कारण दाण्यात चव मुरते. काकडी आणि टोमॅटो मात्र आदल्या रात्री मिठात मिसळू नकोस, मीठ त्यांचं सगळं पाणी बाहेर ओढतं आणि डब्यात तळं होतं. त्या फोडी वेगळ्या ने, मीठ खाताना घाल. तिसऱ्या दिवशी हरभरे ठेचून ब्रेडला किंवा पोळीत. तेच हरभरे, पण तीन जेवणं एकमेकांसारखी लागत नाहीत. रोज तेच खाण्याचा कंटाळा माणसाला बहुतेक वेळा चवीचा येतो, जिन्नसाचा नव्हे. म्हणून थोडे पैसे मसाल्यावर, लसणावर, लिंबावर, लोणच्यासारख्या आंबट-तिखटावर जाऊ देत. त्यांचा खर्च कमी असतो आणि साध्या जेवणाला ती उभं करतात. लिंबाचा आणखी एक उपयोग: डाळी-कडधान्यांतलं लोह शरीरात शोषलं जायला क जीवनसत्त्व मदत करतं. आणि तुझा तो चहा जेवणाला लागून घेऊ नकोस, तो लोह शोषू देत नाही. तासाभराने घे.

भाज्यांचं थोडक्यात. आठवड्याला तीन पुरतात. एक पालेभाजी, ती पहिल्या दोन दिवसांत संपवायची. दोन टिकाऊ, कोबी, गाजर, भोपळा यांपैकी, त्या मागाहून. गोठवलेले मटार स्वस्त मिळाले तर बिनधास्त घे, पोषणात ते ताज्यांपेक्षा फारसे कमी नसतात आणि वाया तर जातच नाहीत. अंडी परवडत असतील तर चार-पाच उकडून सालासकट फ्रीजमध्ये ठेव, आठवडाभर राहतात. सोलायची खायच्या दिवशी.

खर्चाचा हिशोब तू कसा करतेस ते मला कळलं नाही, पण एक पद्धत सांगते. किराण्याच्या बिलाला, खरोखर पोटात गेलेल्या जेवणांच्या संख्येने भाग. शिजवलेल्या नव्हे, खाल्लेल्या. समजा एका खरेदीतून दहा जेवणं व्हायची होती आणि चार फेकली गेली, तर उरलेल्या सहांपैकी प्रत्येक जेवण तुला दोन-तृतीयांश जास्त भावाने पडलं. त्यामुळे स्वस्त तांदूळ शोधत दोन दुकानं पालथी घालण्यापेक्षा फेकणं थांबवलं तर जास्त हातात राहतं. महिनाभर एका कागदावर फक्त फेकलेल्या गोष्टी लिही. दुसऱ्या महिन्यात काय विकत घ्यायचं नाही ते तो कागदच सांगेल. मोठं पाकीट स्वस्त पडतं हे खरं, पण ज्याला तीन महिने लागतील ते पाकीट तुझ्या खोलीत ठेवणार कुठे, आणि त्यात कीड लागली तर? महिन्याला संपेल तेवढंच घे.

आठवड्याचे पाचही दिवस डबा नेण्याचा नेम धरू नकोस. चार दिवस धर. पाचवा दिवस सगळ्यांबरोबर बाहेरचं खायचा, तो वार आधीच ठरव आणि त्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला वेगळे काढून ठेव. पाच दिवसांचा नेम एकदा मोडला की लोक सगळाच सोडून देतात, हे मी पत्रांतून पुष्कळ वाचलं आहे. आणि त्या एका दिवसामुळे संकोचही बराच सुटेल असं मला वाटतं. आज तुला भीती ही आहे की लोक म्हणतील, हिला परवडत नाही. ठरलेल्या वाराला तू त्यांच्यात असलीस, की बाकी दिवशी तू डबा आणतेस एवढंच उरतं. कुणी विचारलंच तर ‘मला घरचं बरं पडतं’ म्हण. खोटं नाही त्यात काही, आणि याहून जास्त खुलासा देणं तुझ्यावर बंधनकारक नाही. दर महिन्याला घरी पैसे पाठवणाऱ्या मुलीने आपल्या डब्याची लाज बाळगावी, हे वाचून मला वाईट वाटलं.

राहिल्या तुझ्या दोन मैत्रिणी. तिघींचे तीन वेगळे स्वयंपाक एका ओट्यावर होत असतील तर तिघींचेही पैसे आणि संध्याकाळी वाया जातायत. दोघींना एकदम विचारू नकोस, जिच्याशी जास्त जमतं तिला विचार. एका संध्याकाळी तू दोघींचं रात्रीचं आणि दोघींचे डबे करायचे, दुसऱ्या संध्याकाळी तिने. चार वाटे शिजवायला एका वाट्याच्या चौपट वेळ लागत नाही, आणि आठवड्यातल्या निम्म्या संध्याकाळी तू मोकळी. पैशांवरून मात्र आधीच नीट बोला, कारण अशा गोष्टी बिनसतात त्या तिथेच. पहिला महिना फक्त कोरडा किराणा अर्धा-अर्धा करा, त्याची बिलं एका खिळ्याला लावा आणि महिनाअखेरीस एकदाच मिटवा. भाजी, दूध, अंडी ज्याची त्याची राहू देत. ती मांसाहार करते आणि तू नाही, किंवा उलट, असं असेल तर डाळ, भात आणि कडधान्य एवढंच सामायिक ठेवा. महिना नीट गेला तर तिसरीला विचारा, तोपर्यंत फ्रीजमधल्या एका कप्प्याचे दोन झालेले असतील.